गॅलरीतला लव्हबर्ड खरंतर लव्हबर्ड नाहीच, त्याला ऑस्ट्रेलियातून आणणाऱ्या जॉन गूल्डची ही गोष्ट

तुमच्या नाहीतर तुमच्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत तो पिंजरा कधीतरी टांगलेला असणारच. आत हिरवे, निळे, पिवळे छोटे पोपट. पाठीवर काळ्या लाटांची नक्षी. कोपऱ्यात भोक पाडलेलं मडकं आणि सकाळी उजाडल्यापासून चालू असलेली बडबड. घरी आलेला पाहुणा विचारतो, हे कोणते पक्षी? आपण बिनधास्त सांगतो, लव्हबर्ड.

तर पहिली गोष्ट, ते लव्हबर्ड नाहीत. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. शेपूट आखूड, डोकं मोठं, स्वभाव भांडकुदळ. आपल्या पिंजऱ्यातला तो लांब शेपटीचा पक्षी म्हणजे बजरीगार आणि तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपला साधा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पोपटाची हौस भागवायला आपल्याकडे हाच परदेशी पाहुणा घरोघरी आला.

पण ऑस्ट्रेलियाच्या माळरानावरचा पक्षी पनवेलच्या आणि नाशिकच्या गॅलरीत आला कसा?

या प्रश्नाचा माग काढत मागे गेलं की आपण १८४० च्या एका जहाजापाशी पोहोचतो. त्या जहाजावर जॉन गूल्ड नावाचा माणूस होता, त्याची बायको एलिझाबेथ होती आणि पिंजऱ्यात काही जिवंत बजरीगार होते.

या गूल्डचा जन्म १८०४ चा, इंग्लंडच्या लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावातला. वडील माळी. पुढे त्यांना विंडसरच्या राजवाड्याच्या बागेत काम मिळालं आणि चौदा वर्षांचा जॉनही तिथेच हाताखाली लागला. शाळा बेताची. पण बागेत काम करणाऱ्या पोराला पक्षी दिवसभर दिसतात, त्यांची घरटी सापडतात, मेलेले पक्षीही सापडतात. जॉन त्यांच्यात पेंढा भरायला शिकला. जवळच इटन ही बड्या घरच्या मुलांची शाळा. त्या मुलांना हा पेंढा भरलेले पक्षी आणि आतून रिकामी केलेली अंडी विकायचा. थोडक्यात काय, तर पक्ष्यांचं वेड आणि धंद्याची अक्कल या माणसात पहिल्यापासून जोडीने होती.

विशीत तो लंडनला आला आणि पेंढा भरण्याचं दुकान टाकलं. १८२७ मध्ये तिथल्या झूलॉजिकल सोसायटीने त्याला आपल्या संग्रहालयात नोकरी दिली. इजिप्तहून राजा चौथा जॉर्ज याला भेट आलेला जिराफ १८२९ मध्ये मेला, तेव्हा त्याला उभं करायचं कामही गूल्डकडेच आलं. माळ्याचा पोरगा राजाच्या जिराफात पेंढा भरतोय, एवढ्यावर त्याचं नाव झालं असतं.

पण त्याच वर्षी जानेवारीत त्याने लग्न केलं आणि खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

एलिझाबेथ कॉक्सन लंडनमध्ये एका घरी मुलीला शिकवायची शिक्षिका होती. चित्र चांगलं काढायची. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हिमालयातल्या पक्ष्यांच्या कातड्यांचा एक साठा आला. तिकडे असे पक्षी कुणी पाहिलेले नव्हते. गूल्डच्या डोक्यात आलं, याचं रंगीत चित्रांचं पुस्तक काढायचं. चित्रं कोण काढणार, तर एलिझाबेथ. दगडावर उलटं चित्र काढून छापायची लिथोग्राफीची पद्धत तिला येत नव्हती, ती तिने शिकून घेतली. पुस्तक निघालं, खपलं आणि गूल्डची गाडी सुसाट सुटली. आपल्या हिमालयात आणि ईशान्येत एक लालपिवळा, लांब शेपटीचा शिंजीर दिसतो. त्याच्या शास्त्रीय नावात आजही गूल्डीए असं आहे. ते जॉनसाठी नाही, एलिझाबेथसाठी. जिथे ती कधी आलीच नाही, तिथल्या पक्ष्याला तिचं नाव मिळालं.

इथे एक किस्सा पटकन सांगून टाकतो, कारण गूल्डचं नाव बहुतेकांनी त्यातच ऐकलेलं असतं. जानेवारी १८३७ मध्ये चार्ल्स डार्विन गॅलापागोस बेटांवरचे पक्षी घेऊन झूलॉजिकल सोसायटीत आला. काही पक्षी कस्तूर असतील, काही आणखी कुणाचे नातेवाईक असतील, असा त्याचा समज. गूल्डने काही दिवसांतच सांगितलं की हे सगळे एकाच घराण्यातले, फक्त चोची वेगवेगळ्या. उत्क्रांतीच्या सिद्धांताला बळ देणाऱ्या त्या फिंच पक्ष्यांची ओळख डार्विनला गूल्डने करून दिली होती. गंमत म्हणजे गूल्ड स्वतः उत्क्रांतीवर फारसा बोललाच नाही. त्याला पक्षी ओळखण्यात रस होता, ते असे का झाले यात नव्हता.

आता ऑस्ट्रेलिया.

एलिझाबेथचे दोन भाऊ, स्टीफन आणि चार्ल्स कॉक्सन, न्यू साउथ वेल्समध्ये जमिनी घेऊन राहिलेले होते. ते तिकडून पक्ष्यांची कातडी पाठवायचे. त्यांचा अभ्यास करता करता गूल्डच्या लक्षात आलं की अख्खा एक खंड शिल्लक आहे, ज्याच्या पक्ष्यांचं धड पुस्तकच नाही. कातडी बघून काम भागणार नव्हतं. मे १८३८ मध्ये त्याने जहाज पकडलं. सोबत एलिझाबेथ, सात वर्षांचा मोठा मुलगा, एक पुतण्या, दोन नोकर आणि जॉन गिल्बर्ट नावाचा मदतनीस. धाकटी तीन मुलं एलिझाबेथने आपल्या आईकडे ठेवली. त्यातलं सगळ्यात लहान अजून वर्षाचंही नव्हतं. प्रवास चार महिन्यांचा, परत कधी येणार याचा भरवसा नाही. नवऱ्याच्या पुस्तकासाठी तिने काय मागे सोडलं होतं, हे पुढची गोष्ट वाचताना लक्षात ठेवा.

सप्टेंबरमध्ये जहाज टास्मानियातल्या होबार्टला लागलं. तिथे गव्हर्नरच्या घरी एलिझाबेथची सोय झाली. मे १८३९ मध्ये तिला तिथेच मुलगा झाला. बाळंतपण, तान्हं पोर आणि समोर टेबलावर दर दिवसाआड येणारे नवे पक्षी. ती चित्रं काढत राहिली. फांद्या, फुलं, पानं सगळं समोर ठेवून. गूल्ड बंदुका घेऊन रानोमाळ.

याच फिरतीत त्याला ते पक्षी नीट पाहायला मिळाले, ज्यांना पक्षी पाळणारे लोक आज गवती पॅराकीट म्हणतात.

नावातच सगळं आहे. आपल्या डोक्यातला पोपट झाडावर बसून पेरू कुरतडणारा. ही मंडळी तशी नाहीत. चिमणीपेक्षा थोडी मोठी, जमिनीवर तुरुतुरु चालणारी, गवताचं बी टिपणारी आणि फारसा आरडाओरडा न करणारी. या गटातल्या किती पक्ष्यांना गूल्डने शास्त्रीय नाव दिलं बघा. एलेगंट म्हणून ओळखला जातो तो १८३७ मध्ये. खडकाळ किनाऱ्यावर राहणारा रॉक पॅरट, छातीवर लालभडक रंग असलेला स्प्लेंडिड आणि गुलाबी पोटाचा बर्क्स, हे तिन्ही १८४१ मध्ये. जगभरातल्या मोठ्या पक्षीघरांत आज स्प्लेंडिड आणि बर्क्स हजारोंनी आहेत आणि दोघांचं बारसं या एकाच माणसाने केलेलं आहे. बजरीगारलाही तेव्हा याच गवती मंडळींत धरायचे. अलीकडे डीएनए तपासल्यावर कळलं की त्याचं जवळचं नातं वेगळ्याच पोपटांशी आहे. पण राहणी तीच, गवत आणि बी.

बजरीगारचं नाव मात्र जुनं होतं. १८०५ मध्येच जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली होती. पण इंग्लंडमध्ये तो कुणी जिवंत बघितलेला नव्हता. लंडनच्या लिनियन सोसायटीकडे पेंढा भरलेला एक नमुना होता आणि तो मोठा दुर्मिळ ऐवज समजला जायचा.

१८३९ च्या अखेरीस गूल्ड मेहुण्यांच्या यारुंडी या मळ्यावरून आतल्या भागात निघाला. सोबत तिथल्या आदिवासी समाजातले दोन वाटाडे होते, नॅटी आणि जेमी. गूल्डला जिथे नुसतं गवत दिसायचं तिथे या दोघांना पक्षी दिसायचे, हे सांगायला नकोच. डिसेंबरच्या सुरुवातीला ही मंडळी लिव्हरपूल प्लेन्सच्या उत्तरेला मूकी नदीकाठी पोहोचली आणि गूल्ड बघतच राहिला. ज्या पक्ष्याचा एकेक नमुना लंडनमध्ये जपून ठेवलेला, तो इथे चहूबाजूंनी. नदीकाठच्या जुन्या निलगिरीच्या झाडांना जितकी म्हणून पोकळ भोकं होती, त्या सगळ्यांत बजरीगारांची अंडी आणि पिल्लं. सकाळी थवेच्या थवे पाण्यावर उतरायचे, मग गवतावर. दुपारच्या रणरणत्या उन्हात तेच पक्षी झाडावर इतके निश्चल बसायचे की पानांत असून दिसायचे नाहीत. तिथल्या लोकांच्या तोंडी या पक्ष्याचं जे नाव होतं ते गूल्डने कानाने ऐकून बेचेरीगा असं काहीसं लिहून घेतलं. त्याचंच पुढे बजरीगार झालं. वंशाचं शास्त्रीय नाव त्याने स्वतः ठेवलं, मेलोप्सिटाकस, म्हणजे गाणारा पोपट.

आता त्या झाडाच्या भोकाकडे जरा नीट बघू. तुमच्या गॅलरीतल्या मडक्याचं रहस्य तिथेच आहे.

बजरीगार घरटं बांधतच नाही. काडी नाही, कापूस नाही. पोकळ खोडात सरळ लाकडाच्या भुशावर अंडी घालतो. म्हणून आपल्याकडे त्याला भोक पाडलेलं मडकं दिलं की तो खूश. बाहेरच्या देशांत लाकडी पेटी लावतात, आपण मडकं लावतो, पक्ष्याला दोन्ही म्हणजे निलगिरीचं भोकच. मडक्याचा आतून गोलावा असतो तो फायद्याचा, कारण सपाट तळावर अंडी इकडे तिकडे घरंगळतात आणि पिल्लांचे पाय फाकतात. लाकडी पेटी घ्यायची तर तळाला खळगा असलेली घ्या.

मादी एकाआड एक दिवस अंडी घालते, साधारण चार ते सहा. प्रत्येक अंडं सुमारे अठरा दिवसांनी फुटतं. म्हणजे पहिलं पिल्लू डोळे उघडायच्या बेतात असतं तेव्हा शेवटचं नुकतं बाहेर आलेलं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी चुकलं, धाकटं पिल्लू चिरडणार. बहुतेक वेळा आई बरोबर सांभाळते. तुम्ही सारखं मडक्यात डोकावू नका, एवढंच. महिना, पाच आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात.

आणखी एक गोष्ट लोकांना कळत नाही. एकच जोडी आणून वर्षभर वाट बघणारे खूप जण असतात. मडकं आहे, दाणा आहे, अंडी नाहीत. कारण हा थव्याचा पक्षी. रानात पाऊस पडला, गवताला बी धरलं की अख्खी वसाहत एकदम अंडी घालते. नरांची ती सततची बडबड म्हणजे नुसती करमणूक नव्हे, ती ऐकूनच मादीचं शरीर अंड्यांसाठी तयार होतं. म्हणून दोनतीन जोड्या एकमेकींना ऐकू येतील अशा ठेवल्या की काम होतं. नर कोण, मादी कोण हे चोचीच्या वरच्या मऊ भागावरून कळतं. मोठ्या नराचा निळा, मादीचा तपकिरी. आणि एकदा सुरू झालं की थांबवायचं कामही तुमचंच. वर्षाला दोन, फार तर तीन वेळा पिल्लं काढू द्या, मग मडकी उतरवा. नाहीतर मादी अंडी घालून घालून खंगते. रानात दुष्काळ तिला विश्रांती देतो, गॅलरीत दुष्काळ येत नाही.

स्प्लेंडिड आणि बर्क्स या गवती मंडळींची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांचा थवा एका पिंजऱ्यात चालत नाही. वीण सुरू झाली की नर एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणून एका दालनात एकच जोडी. फिंचसारख्या छोट्या पक्ष्यांना मात्र त्रास देत नाहीत. झाडं फारशी कुरतडत नाहीत. पण जमिनीवर चरायची सवय असल्यामुळे पोटात जंत पटकन होतात, तेव्हा तळ कोरडा आणि स्वच्छ हवा. आणि बिचकतात फार. रात्री मांजर आलं, गाडीचा दिवा चमकला की सरळ उडून जाळीवर डोकं आपटतात. पक्षीघराच्या टोकांना झावळ्या किंवा फांद्या लावून ठेवतात त्या यासाठीच.

असो. गूल्ड अजून ऑस्ट्रेलियातच आहे.

त्याचा मेहुणा चार्ल्स कॉक्सन याने बजरीगारची काही पिल्लं हाताने भरवून वाढवली होती, ती गूल्डला मिळाली. एप्रिल १८४० मध्ये कुटुंब परतीच्या जहाजावर चढलं. पुन्हा चार महिने समुद्र. पोपटांसारखे पक्षी अशा प्रवासात पटापट मरायचे. फळं सडायची, पाणी नासायचं. बजरीगार टिकले. माझं मत विचाराल तर त्यात गूल्डच्या कौशल्याइतकाच पक्ष्याच्या राहणीचाही वाटा. कोरडं गवताचं बी खाणारा आणि थोड्या पाण्यावर भागवणारा पक्षी म्हणजे जहाजाच्या प्रवासासाठीच घडवलेला. शिधा काय, तर एक पोतं दाणा.

ऑगस्ट १८४० मध्ये गूल्ड लंडनला उतरला. जिवंत बजरीगार इंग्लंडमध्ये आणणारा पहिला माणूस आपणच, असं तो पुढे अभिमानाने सांगायचा. पिंजऱ्यातला हा पक्षी किती आनंदी, सारखं एकमेकांना भरवणारा आणि हलक्या आवाजात गुणगुणणारा, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलं. मग जहाजांमागून जहाजं भरून बजरीगार येऊ लागले. पंचवीस वर्षांत परिस्थिती अशी झाली की लंडनच्या वॉपिंग भागात एका व्यापाऱ्याच्या छोट्या खोलीत दोन दोन हजार पक्षी गूल्डने स्वतः पाहिले. सुरुवातीला दुर्मिळ, मग कोंडवाडा.

तोवर बेल्जियम, जर्मनीत लोक पिंजऱ्यातच त्यांची पैदास करू लागले होते. आणि इथे रंगांची लॉटरी लागली. रानातला बजरीगार फक्त हिरवा असतो. पण हा हिरवा म्हणजे दोन गोष्टींची मिसळण. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं आणि पिसाच्या बारीक रचनेमुळे निळा दिसतो, दोन्ही मिळून हिरवा. एखाद्या पिल्लात पिवळं रंगद्रव्य तयारच झालं नाही की उरतो निळा. पिसातलं काळं द्रव्य गेलं की पिवळा. दोन्ही गेली की पांढरा. रानात असं वेगळं पिल्लू ससाण्याला आधी दिसतं. पिंजऱ्यात त्यालाच जास्त भाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये पिवळे आणि निळे तयार झाले. १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात निळी जोडी मांडली तेव्हा लोक बघायला लोटले. तुमच्या गॅलरीतला आकाशी रंगाचा बजरीगार त्याच वळणाचा.

ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. म्हणजे आपल्याकडचे पक्षी पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्यांचेच वंशज. त्यांच्यातल्या एकानेही निलगिरीचं झाड पाहिलेलं नाही.

इकडे गूल्डच्या घरात मात्र वेगळंच घडलं. परत आल्यावर एलिझाबेथ पुन्हा कामाला लागली. द बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया या ग्रंथासाठी तिने ८४ चित्रं केली. ऑगस्ट १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर तापाने ती गेली. वय ३७. धाकट्या मुलांपासून दोन वर्षं लांब राहून ती परतली, त्याला पुरतं एक वर्ष झालं होतं. गूल्डने दुसरं लग्न केलं नाही. उरलेली चित्रं हेन्री रिक्टर या चित्रकाराने केली, त्यातली बरीच तिच्या कच्च्या रेखाटनांवरून. सात खंड आणि ६०० चित्रांचं हे काम १८४८ मध्ये पूर्ण झालं. किंमत इतकी की राजेरजवाडे आणि उमरावच घेऊ शकत. ग्राहक अडीचशेच्या आसपास.

१८४४ मध्ये गूल्डने उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका देखण्या फिंचला एलिझाबेथचं नाव दिलं. जांभळी छाती, पिवळं पोट, हिरवी पाठ. आपल्याकडेही पक्ष्यांच्या दुकानात हा गोल्डियन फिंच म्हणून मिळतो आणि अनेकांना वाटतं की सोनेरी म्हणून गोल्डियन. त्याचा सोन्याशी संबंध नाही. ते तिचं आडनाव आहे.

जॉन गिल्बर्टचं तेवढंही जमलं नाही. गूल्ड परतला तरी हा माणूस ऑस्ट्रेलियात पक्षी गोळा करत फिरत होता. १८४४ मध्ये क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात त्याला एक पोपट सापडला. गवताचं बी खाणारा, वाळवीच्या वारुळात बीळ करून अंडी घालणारा आणि रंगाने बघतच राहावं असा. गिल्बर्टने गूल्डला कळवलं की याला माझं नाव मिळालं तर बरं वाटेल. गूल्डने नाव ठेवलं पल्चेरिमस, म्हणजे सर्वांत सुंदर. गूल्ड माणूस म्हणून कसा होता, हे मला या एका गोष्टीत दिसतं. वाईट नव्हता, गिल्बर्टचं नाव त्याने दुसऱ्या प्राण्यापक्ष्यांना दिलेलं आहे. पण पुस्तक देखणं दिसायला हवं असलं की बाकीचं मागे पडायचं. जून १८४५ मध्ये लाइकहार्टच्या मोहिमेत रात्री तळावर हल्ला झाला आणि गिल्बर्ट भाल्याने मारला गेला.

त्याचा तो पोपट, पॅराडाइज पॅरट, पुढे युरोपात पिंजऱ्यांतही गेला. पण बजरीगारसारखा तिथे रुजला नाही. याला हवं होतं वारूळ. लाकडी पेटीत आणि पोकळ ओंडक्यात भागवणाऱ्यांची पैदास वाढली, याची नाही. इकडे त्याच्या माळावर गुरं आणि मेंढ्या आल्या, गवत बी धरायच्या आधीच चरलं जाऊ लागलं, त्यात दुष्काळ पडला. १९२२ मध्ये एका जोडीचे फोटो मिळाले. १९२७ नंतर त्याचं खात्रीशीर दर्शन नाही. गूल्डने बारसं केलेल्या गवताच्या पोपटांपैकी एक जगभर गॅलरीत पोहोचला असता तर तो हाच, इतका देखणा होता. तो संपला.

गूल्ड पुढे चाळीस वर्षं काम करत राहिला. १८५१ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचं प्रदर्शन लावलं, ७५,००० लोक तिकीट काढून आले. जिवंत हमिंगबर्ड त्याने स्वतः पहिल्यांदा पाहिला तो त्यानंतर सहा वर्षांनी, अमेरिकेत. ऑस्ट्रेलियातून आणलेला मूळ संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला १,००० पौंडांना देऊ केला, त्यांनी नको म्हटलं, तर तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला. ३ फेब्रुवारी १८८१ रोजी तो लंडनमध्ये वारला. आपल्याला पक्ष्यांचा माणूस म्हणून ओळखावं, अशी त्याची इच्छा होती. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत तो आहे.

आणि टास्मानियात गूल्ड फिरत होता तेव्हा दक्षिण टोकाजवळच्या ॲक्टिऑन बेटांवर त्याला आणखी एक गवती पॅराकीट भेटला होता, नारिंगी पोटाचा. गवतातून उठायचा, थोडा उडायचा, परत गवतात. आज हा जगातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या पोपटांपैकी एक आहे. उन्हाळ्यात नैऋत्य टास्मानियातल्या मेलालूका या एकाच जागी तो अंडी घालतो आणि हिवाळ्यात समुद्र ओलांडून मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर जातो. २०१६ च्या सुमारास रानात वीसपेक्षाही कमी उरले होते. तो वाचला तो पक्षीघरातल्या पैदाशीमुळे. बजरीगार आणि स्प्लेंडिड पाळून पाळून गवती पॅराकीटची जी माहिती गोळा झाली होती, म्हणजे दाणा कोणता, जोडी कशी लावायची, पेटी केवढी, ती इथे कामाला आली. १९८० च्या दशकात पिंजऱ्यात सुरू केलेल्या त्या वंशातले पक्षी दरवर्षी मेलालूकाला सोडले जातात. गेल्या काही वर्षांत समुद्र ओलांडून परत येणाऱ्यांचा आकडा ७० च्या वर गेलाय.

तिथे निलगिरीच्या झाडांवर लाकडी पेट्या ठोकलेल्या आहेत. वसंतात स्वयंसेवक दुर्बीण घेऊन बसतात आणि पायातल्या रंगीत कड्या बघून एकेक पक्षी मोजतात.